दुर्बिणीतून खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर ताकद मोजायला बॅगेचा हुकवाला काटा: सहा महिन्यांचा अनुभव

प्रवासाची बॅग तोलायचा डिजिटल काटा, 50 किलोपर्यंतचा. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या तानकाट्याचाच भाऊ. खुब्यातला फाटलेला लॅब्रम (सांध्याच्या खोबणीभोवतीची कूर्चेची कड) शिवून मांडीच्या हाडावरचा जादा उंचवटा घासून काढला, की पुढचे कित्येक महिने एकच प्रश्न असतो: पायात ताकद किती परतली? क्लिनिकमधला डायनॅमोमीटर, म्हणजे स्नायूंचा जोर मोजायचं यंत्र, महाग. हा काटा काही शे रुपयांत मिळतो. मत आधीच सांगून टाकतो: काटा घ्या, पण मांडणी चुकली तर आकडे कचऱ्यात टाकायच्या लायकीचे.

पहिले 12 आठवडे तो कपाटातच ठेवावा. सुरुवातीचे दोन-चार आठवडे कुबड्या असतात, मायक्रोफ्रॅक्चर (कूर्चा झिजलेल्या जागी हाडाला बारीक छिद्रं पाडणं) केलं असेल तर सहा ते आठ. त्या काळात जोर लावून मोजणं म्हणजे शिवण आणि पुढचा स्नायू दोन्ही दुखावून घेणं. सरळ पाय उचलण्याचा व्यायामही तेव्हा नकोच. मांडी वर उचलणारा सोआस स्नायू सांध्याच्या आवरणाला अगदी लागून पुढून जातो आणि आवरण कापलेलं असतं तेही पुढेच. म्हणून मांडी वर उचलण्याची ताकद सगळ्यात शेवटी येते, आणि घाई केली की जांघेत टेंडनची सूज ठरलेली. नंतरही सर्जनने परवानगी दिल्यावरच मोजायचं.

मांडी उचलण्याची ताकद मोजताना जड टेबलाच्या कडेवर बसावं. गुडघ्याच्या चार बोटं वर पट्टा, काटा बरोबर त्याखाली, टेबलाच्या तळाच्या आडव्या दांडीला बांधलेला. ओढ उभीच हवी. काटा तिरका झाला की आकडा खोटा. ताठ बसल्यावर जांघेत चिमटा बसत असेल तर पाठ थोडी मागे टेकवा, पण मग दर वेळी तेवढीच. पाय बाहेर नेण्याची ताकद उताणं झोपून मोजायची: पट्टा घोट्याच्या वर, काटा पलंगाच्या विरुद्ध बाजूच्या पायाला. दुसरा गुडघा वाकवून पाऊल नितंबाजवळ ओढून घ्यावं, नाहीतर पट्टा त्या पायाला घासतो. कंबर धरायला कुणीतरी लागतंच.

जोर हळूहळू वाढवून पाच सेकंद धरायचा, मध्ये अर्धा-एक मिनिट विश्रांती, असं तीनदा. झटका दिला की आकडा फुगतो. उलट बरेच काटे ओढ स्थिर झाली की ‘टूं’ करून आकडा गोठवतात, सर्वोच्च ओढ धरून ठेवत नाहीत. घेताना हे बघून घ्या. दुखणं दहापैकी तीनच्या वर गेलं तर तो आकडा वहीत लिहूच नये. तो वेदनेचा असतो, ताकदीचा नाही.

सोबतचा अरुंद पट्टा कातडीत रुततो, माणूस मग नकळत कमी जोर लावतो. पाच सेंटिमीटर रुंदीचा, न ताणणारा बॅगेचा पट्टा आणि खाली घडी घातलेला पंचा उत्तम.

नुसते किलो पुरत नाहीत. समजा काटा 12 किलो दाखवतो आणि खुब्यापासून पट्ट्यापर्यंत अंतर 0.38 मीटर: 12 × 9.81 × 0.38, म्हणजे साधारण 45 न्यूटन-मीटर (9.81 ने किलोचे न्यूटन होतात, अंतराने गुणलं की खुब्याभोवती पाय फिरवणारा जोर कळतो). वजन 68 किलो असेल तर दर किलोला 0.66. पट्टा दोन बोटं सरकला तरी काट्यावरचा आकडा बदलतो, तेव्हा अंतर टेपने मोजून लिहावं.

दुसऱ्या पायाच्या 90 टक्के ताकद आली की खेळायला मोकळे, हा हिशेब मात्र फसवा आहे. महिनोन् महिने कमी चालल्याने चांगला पायही खंगतो. टक्केवारी छान दिसते, ताकद दोन्हीकडे कमीच. जमल्यास शस्त्रक्रियेच्या आधीचा आकडा घेऊन ठेवा. आणि आकडा चांगला आला म्हणून उकिडवं बसायची परवानगी मिळत नाही, तो वेगळा विषय.

सोबत घेतलेल्या लेटेक्सच्या लूप बँडबद्दल (व्यायामाचं रबरी कडं) तक्रारच जास्त. तेवढ्याच ओढीचा बँड एका कंपनीचा हिरवा तो दुसरीचा निळा, रंगावर विसंबू नका. बँड दुप्पट लांबीला ताणून याच काट्यावर तोला आणि किलो पेनाने त्यावरच लिहा. महिन्याने पुन्हा तोला, ओढ घटलेली दिसेल. नाहीतर व्यायाम सोपा झाला तो बँड सैलावल्यामुळे हे लक्षातच येत नाही. पायाला तेल चोळून बँड चढवला तर रबर चिकट होऊन तुटतं. मालीश व्यायामानंतर. आडवं चालताना बँड घोट्याऐवजी पावलांभोवती घेतला तर नितंबांना जास्त काम मिळतं, मांडीच्या बाहेरचा टीएफएल स्नायू फारसा मध्ये पडत नाही.

काट्याची खातरजमा बादलीने होते: रिकामी बादली तोला, 10 लिटर पाणी मोजून ओता, फरक 10 किलो यायला हवा. सेल उतरला की आकडे नाचू लागतात. बटण चुकून दाबलं जाऊन एकक पौंडात गेलं, तर एका रात्रीत ताकद दुपटीहून जास्त वाढलेली दिसते.