बाओफेंग यूव्ही-५आर: पावसाळा आणि ट्रेकचा पूर्ण हंगाम वापरल्यानंतर

जूनच्या पहिल्या पावसाच्या सुमारास घेतलेला हा हँडसेट, म्हणजे हातात धरून बोलायचा-ऐकायचा रेडिओ, तेव्हापासून माझ्या सॅकच्या खांद्याच्या पट्ट्याला आहे. घाटातले ट्रेक, पुण्यातली संध्याकाळची नेट (ठरल्या वेळी एकाच फ्रिक्वेन्सीवर सगळ्यांनी भेटणं), गच्चीवरून अवकाश स्थानक ऐकणं, सगळं याच्यावर झालं. पेटीतून काढून थेट डोंगरात नेला तर तो निराश करेल. एक संध्याकाळ त्याच्या मेनूला आणि थोडे पैसे अँटेनाला दिले, तर याच किमतीत दुसरा इतका कामाचा सेट मला माहीत नाही.

परवान्याचं आधी, कारण बरेच जण इथेच घाई करतात. हा सेट खेळण्यातला वॉकीटॉकी नाही. तो १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झवर ट्रान्समिट करतो आणि या पट्ट्यांत पोलीस, रेल्वे, सागरी वाहतूक अशा कितीतरी यंत्रणांचे चॅनेल आहेत. आपल्याला परवानगी आहे ती हॅमच्या (हौशी रेडिओवाल्यांच्या) पट्ट्यांची, म्हणजे १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ. तीही दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची परीक्षा देऊन परवाना आणि कॉलसाइन (हवेतलं आपलं ओळखनाव) मिळाल्यावर. वय १२ पूर्ण असलं की परीक्षेला बसता येतं. परवान्याच्या रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स (टिंब-रेघांची लिपी) लागत नाही, जनरल ग्रेडला मिनिटाला ८ शब्दांचा वेग लागतो. माझं व्हीयू३ ने सुरू होणारं कॉलसाइन रिस्ट्रिक्टेडचं आहे आणि या सेटसाठी ते पुरतं. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर हॅम मंडळींनी निरोप पोचवण्याचं काम केलं होतं. ती परंपरा चालू ठेवायची असेल तर परीक्षेला कटकट समजू नका. आमच्या ट्रेकच्या गटात ज्यांच्याकडे परवाना नाही त्यांच्याकडे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे, विनापरवाना चालणारे कमी शक्तीचे सेट असतात. त्या चॅनेलवर यूव्ही-५आर वापरायचा नाही. तो त्या वर्गातला सेटच नाही.

सेट हलका आहे, मुठीत बसतो. १२८ मेमरी चॅनेल, ४ आणि १ वॅट अशा दोन शक्ती, ७.४ व्होल्ट १८०० मिलीअँपिअर-तासांची बॅटरी, एफएम रेडिओ, टॉर्च. टॉर्च तंबूत खरंच कामाला येतो.

आता मेनू. पहिल्यांदा चालू केलात की एक बाई प्रत्येक बटणाला इंग्रजीत काहीतरी सांगते. मेनू १४ मध्ये तिला गप्प करा, मेनू ८ मध्ये बीप बंद करा. मेनू ३९ चा रॉजर बीप (बोलणं संपलं की वाजणारा) तर नक्की बंद करा, कारण तो आपल्याला नाही, ऐकणाऱ्या सगळ्यांना सोसावा लागतो. मेनू ० म्हणजे स्क्वेल्च, सिग्नल नसताना खरखर दाबून ठेवणारी सोय. मी २ वर ठेवते. गावात खरखर आली तर एक-दोन पायऱ्या वर न्यायचा, डोंगरात परत खाली आणायचा. स्क्वेल्च उंच ठेवून बसलेल्याला क्षीण हाक ऐकूच येत नाही, आणि डोंगरात तीच हाक महत्त्वाची असते. शंका आली तर बाजूचं मॉनिटर बटण दाबून धरा. स्क्वेल्च उघडतो आणि खरखरीच्या मागे कुणी बोलत असेल तर कळतं.

मेनू ५ वाइड-नॅरोचा, म्हणजे सिग्नल किती रुंद ठेवायचा त्याचा आहे. सोबतचे सेट वाइडवर आणि आपला नॅरोवर असेल तर त्यांना आपला आवाज बारीक येतो आणि आपल्याला त्यांचा फाटका येतो. पुष्कळ लोक इथे माइकला दोष देतात. मेनू ७ चं ड्युअल वॉच घरी छान वाटतं, वरच्या-खालच्या दोन्ही फ्रिक्वेन्सींवर कान राहतो. ट्रेकला मी ते बंद ठेवते. खालच्या चॅनेलवर काही आलं की काही क्षण पीटीटी (बोलण्यासाठी दाबायचं बटण) त्याच चॅनेलवर जातं आणि आपण भलत्यालाच उत्तर देतो. चालूच ठेवायचं असेल तर मेनू ३४ मध्ये ट्रान्समिट कुठून होणार ते पक्कं करा. मेनू ९ चा टाइमआउट ६० सेकंदांवर ठेवा, म्हणजे पट्ट्याखाली पीटीटी दाबलं गेलं तरी चॅनेल अडून राहत नाही.

एक गोष्ट मी प्रत्येक नव्या माणसाला आवर्जून सांगते. बाजूचं केशरी बटण थोडं दाबलं तर एफएम लागतो, दाबून धरलं तर भोंगा वाजतो. मेनू ३२ ‘टोन’वर असेल तर तो भोंगा हवेतही जातो. तिथे ‘साइट’ निवडा, म्हणजे आवाज फक्त आपल्या स्पीकरवर येईल. आणि चालताना हॅश बटण दाबून धरून कीपॅडला कुलूप घाला.

रिपीटर म्हणजे आपला सिग्नल पकडून दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर पुन्हा पाठवणारं केंद्र. त्याचा चॅनेल हाताने साठवता येतो, पण क्रम पाळावा लागतो. व्हीएफओ मोडमध्ये (फ्रिक्वेन्सी आकड्यांनी टाकायचा मोड), वरच्या ओळीवर, ऐकण्याची फ्रिक्वेन्सी टाका. मेनू २५ मध्ये शिफ्टची (बोलण्याची फ्रिक्वेन्सी ऐकण्याच्या वर की खाली) दिशा आणि २६ मध्ये अंतर भरा. दोन मीटरच्या (१४४ ते १४६ च्या) पट्ट्यावर हे अंतर सहसा ६०० किलोहर्ट्झ, उणे दिशेला असतं. मेनू १३ मध्ये रिपीटरचा सीटीसीएसएस टोन (रिपीटर उघडणारा खोल सूर) द्या. मग मेनू २७ मध्ये रिकामा चॅनेल निवडून साठवा. बाहेर येऊन स्टार बटणाने फ्रिक्वेन्सी उलटवा आणि त्याच चॅनेलवर पुन्हा साठवा. दुसरी फेरी राहिली तर रिपीटर ऐकू येतो पण उघडत नाही. चॅनेलला नाव मात्र कीपॅडवरून देता येत नाही.

म्हणून चर्प. हे मोफत सॉफ्टवेअर आणि एक यूएसबी केबल एवढ्यावर सगळा सेट तासाभरात लावून होतो. पहिली पायरी नेहमी एकच: सेटमधून आहे ते आधी डाउनलोड करा आणि ती फाइल न बदलता बाजूला ठेवा. काही बिघडलं तर परत जायला वाट राहते. केबलचं डोकं टक्क आवाज येईपर्यंत आत गेलं पाहिजे, नाहीतर ‘रेडिओ उत्तर देत नाही’ हाच निरोप येत राहतो. माझ्या पहिल्या स्वस्त केबलमध्ये नकली चिप होती आणि संगणकाचा नवा ड्रायव्हर तिला ओळखत नव्हता. एफटीडीआय चिपची केबल घेतल्यावर प्रश्न मिटला. चर्पमध्येच व्हीएचएफ आणि यूएचएफच्या ट्रान्समिट मर्यादा हॅमच्या पट्ट्यांपुरत्या करून ठेवा. फक्त ऐकायच्या चॅनेलला ड्युप्लेक्सच्या रकान्यात ‘ऑफ’ द्या, मग त्यावर पीटीटी दाबलं तरी काही जात नाही. घरात लहान मुलं असतील तर हे पहिल्याच दिवशी करा.

आता सगळे विचारतात तो प्रश्न: किती लांब जातं? खोक्यांवर किलोमीटर छापलेले असतात, त्यांच्याकडे बघू नका. या फ्रिक्वेन्सी साधारण नजरेच्या रेषेत जातात. अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढा, त्याला ४.१२ ने गुणा, क्षितिजाचं अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. मैदानात हातात धरलेल्या सेटला ते जेमतेम ५ किलोमीटर येतं. सिंहगड समुद्रसपाटीपासून १३१२ मीटर आहे, म्हणजे पुण्याच्या वर साडेसातशे मीटरच्या आसपास. तिथून हिशेब ११० किलोमीटरच्या पुढे जातो. म्हणूनच गडावरून १ वॅटवर शहरातल्या गच्चीवर बसलेल्या माणसाशी निवांत गप्पा होतात, आणि खाली एका टेकाडाआडच्या दोघांना ४ वॅटवरही एकमेकांचं कळत नाही. ४ वॅटवरून १ वॅटवर आलं तर फरक ६ डेसिबलचा, समोरच्याच्या सिग्नल मीटरवर एक एस-युनिट, म्हणजे एकच पायरी. चार पावलं सरकून मोकळ्या कड्यावर उभं राहिलं तर याहून जास्त मिळतं. हे मी राजगड-तोरणा करताना इतक्या वेळा अनुभवलंय की आता शक्ती वाढवण्याआधी पाय हलवते. राजगडाच्या संजीवनी माचीवरून तोरण्याची बुधला माची समोर दिसते, तिथे १ वॅट पुरतो. मधल्या धारेवर एखाद्या खळग्यात उतरलं की पुढचा गट गप्प. नळीच्या वाटेसारख्या घळीत, दोन्हीकडे कातळ असताना, वरच्या माणसाशी बोलणं होईलच असं धरून चालू नका. अशा ठिकाणी आम्ही मध्ये, दोन्ही बाजू दिसतील अशा जागी, एक परवानाधारक थांबवतो आणि तो निरोप पुढे देतो.

सोबत येणारी आखूड रबरी अँटेना हीच या सेटची सगळ्यात दुबळी बाजू. १४५ मेगाहर्ट्झला तरंगलांबी दोन मीटरच्या थोडी वर, तिचा चौथा हिस्सा अर्धा मीटर, आणि इथे आहे वीतभर. लांब लवचीक अँटेना लावली की फरक त्याच क्षणी कानाला कळतो. नामांकित अँटेनांच्या नकला बाजारात भरपूर आहेत, तेव्हा विश्वासाच्या हॅम मित्राला विचारूनच घ्या. बाओफेंगला एसएमए-फीमेल जोडाची अँटेना लागते, यासूच्या सेटना एसएमए-मेल, हेही बघून घ्या. दुसरा उपाय जवळपास फुकट आहे: ४९ सेंटिमीटरची साधी वायर अँटेनाच्या बुडाशी, बाहेरच्या धातूच्या कड्याला टेकवून खाली सोडायची. हँडसेटला जमिनीची बाजू मिळत नाही, ती ही वायर देते. दोन मीटरवर तिचा उपयोग स्पष्ट जाणवतो.

सेट कमरेला ठेवून बोलू नका. शरीर सिग्नल खातं. तोंडासमोर, अँटेना सरळ उभी, माइक चार बोटं दूर आणि किंचित तिरका. पीटीटी दाबल्यावर एक श्वास थांबा, मग बोला. टोन ओळखून रिपीटर उघडायला आणि समोरच्याचा सेट झोपेतून उठायला तेवढा वेळ लागतो, नाहीतर पहिलाच शब्द गळतो. नेटवरच्या एका ज्येष्ठ काकांनी मला सुरुवातीलाच सांगितलं होतं, “अगं, ओरडू नकोस, माइक लांब धर आणि हळू बोल.” हा सेट बोलतो त्या एफएम पद्धतीत ओरडून आवाज लांब जात नाही, फक्त फाटतो. ठिकाण, माणसं, काय हवंय, या क्रमाने बोललं की वाऱ्यातही निरोप एका फेरीत जातो.

बॅटरीबद्दल समाधानी आहे. ट्रान्समिट करताना सेट सुमारे दीड अँपिअर घेतो, नुसतं शांत ऐकत असताना त्याच्या विसाव्या हिश्शाइतका. म्हणजे बॅटरी संपते ती आपल्या बडबडीने. दोन दिवसांच्या ट्रेकला एक जादा बॅटरी पुरते. बॅटरीच्या चित्रावर विसंबू नका. ते बराच वेळ भरलेलं दिसतं आणि मग झपकन उतरतं. थंडीत जादा बॅटरी आतल्या खिशात ठेवा.

हा सेट जलरोधक नाही. सह्याद्रीच्या पावसात मी तो जाड प्लॅस्टिकच्या झिप पिशवीत ठेवते आणि पिशवीवरूनच पीटीटी दाबते. घरी आल्यावर बॅटरी काढून, पट्ट्या कोरड्या फडक्याने पुसून, रात्रभर सिलिका जेलच्या डब्यात.

मर्यादाही सांगायला हव्यात. जवळपास सगळा रिसीव्हर एकाच चिपवर आहे, आणि अशा रचनेचे सेट जोरदार ट्रान्समीटरजवळ बधिर होतात. टॉवर असलेल्या टेकडीवर लांब अँटेना लावली की उलट कमी ऐकू येतं. तिथे आखूड अँटेना परत लावणं हाच उपाय. स्कॅनिंग अगदी संथ आहे, सेकंदाला तीनेक चॅनेल. पटापट बँड चाळायचा असेल तर हा सेट त्यासाठी नाही.

सगळ्यात आनंद दिला तो मात्र आकाशाने. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरचा हॅम रिपीटर ४३७.८०० वर ऐकू येतो. स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने जातं, त्यामुळे डॉप्लरने फ्रिक्वेन्सी सरकते: येताना १० किलोहर्ट्झपर्यंत वर, जाताना तितकीच खाली. चर्पमध्ये ४३७.८१० पासून ४३७.७९० पर्यंत ५ किलोहर्ट्झच्या टप्प्याने पाच चॅनेल करून ठेवा, ट्रान्समिट ‘ऑफ’. स्थानक क्षितिजावर आलं की पहिल्यापासून सुरू करायचं आणि आवाज फाटायला लागला की पुढचा चॅनेल. हातातली अँटेना आडवी-तिरकी फिरवत राहायची. रिपीटर सुरू असेल आणि पास (स्थानकाची आकाशातली फेरी) उंच असेल तर दहाएक मिनिटांत दूरदूरची कॉलसाइन कानावर येतात. सोसायटीतली मुलं हे ऐकायला गच्चीवर येतात आणि त्यातली एक मुलगी आता परीक्षेचा अभ्यास करतेय.

परवाना आहे किंवा काढायचा ठरवलाय, डोंगरात किंवा नेटवर नियमित बोलणार आहात, तर निर्धास्त घ्या. सहलीपुरते दोन सेट हवे असतील तर विनापरवाना ४४६ वाले बघा. सतत पावसात, समुद्रावर किंवा बचावकार्यात रोज वापर असेल तर जलरोधक, चांगल्या रिसीव्हरचा सेटच घ्या, तिथे पैसे वाचवू नका. यूव्ही-५आर घेतलात तर त्याच दिवशी लांब अँटेना, एफटीडीआय केबल आणि एक जादा बॅटरीही मागवा.