डायव्ह स्कूटर घेताय? स्पीड नंतर, आधी बॉडी कशाची आहे ते बघा

डायव्ह स्कूटर म्हणजे पाण्याखाली डायव्हरला ओढत नेणारं बॅटरीवरचं यंत्र. स्कूटर म्हटलं की सगळे स्पीड आणि बॅटरी विचारतात, बॉडी कशाची हे कोणी विचारतच नाही, आणि आपल्या कोकणच्या खाऱ्या दमट हवेत आधी वाट लागते ती बॉडीचीच. मालवण, तारकर्ली आणि खाली कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला मी प्लास्टिक, अ‍ॅल्युमिनियम आणि कार्बन फायबर अशा तिन्ही बॉडीच्या स्कूटर चालवल्यात, काही भाड्याच्या, काही मित्रांच्या, त्यावरून लिहितोय.

अ‍ॅल्युमिनियमची हातात घेतली की दणकट वाटते, आणि आहेच. पण मला आवडलेली गोष्ट वेगळीच, मोटर आणि कंट्रोलरची उष्णता बॉडीतून थेट पाण्यात जाते, त्यामुळे समुद्राच्या प्रवाहाच्या उलट फुल स्पीडला बराच वेळ चालवायची तर हीच बरी. दुखणं आहे गंजाचं. वरचं अ‍ॅनोडायझिंग, म्हणजे धातूवरचा संरक्षक थर, शाबूत आहे तोवर चिंता नाही, पण स्टेनलेसचा स्क्रू थेट अ‍ॅल्युमिनियममध्ये घुसवला असेल तर खाऱ्या पाण्यात त्या दोन धातूंमध्ये विजेचा करंट सुरू होतो आणि मार खातं अ‍ॅल्युमिनियम. एका भाड्याच्या स्कूटरवर हँडलच्या स्क्रूभोवती पांढरी पावडर दिसली, नखाने खरवडली तर खाली चक्क खड्डा, आणि स्क्रू इतका जाम की डोकं झिजून गोल झालं तरी जागचा हलला नाही. त्यामुळे अ‍ॅल्युमिनियमची घेताना झिंकचा अ‍ॅनोड (अ‍ॅल्युमिनियमऐवजी स्वतः गंजणारा तुकडा) लावलाय का आणि स्क्रूखाली प्लास्टिकचा वॉशर आहे का हे विचाराच. ग्रेड 6061 किंवा 6082 असेल तर छान, 7075 ताकदीला जास्त पण समुद्रात टिकायला कमी.

कार्बन फायबर दिसायला जबरदस्त आणि बोटीवर उचलायला हलकं, पण पाण्यात स्कूटर न तरंगणारी न बुडणारी अशीच लागते, त्यामुळे बॉडीत वाचलेलं वजन एकतर मोठ्या बॅटरीत जातं नाहीतर शिशाच्या तुकड्यात. मोठी बॅटरी येत असेल तर पैसे वसूल, लांबच्या केव्ह डायव्हिंगला त्याचा खरा उपयोग, आपल्याकडच्या 10-15 मीटरच्या डायव्हला कशाला हवं? शिवाय बोटीच्या कठड्यावर जोरात आपटलं तर वरून काहीच दिसत नाही आणि आत थर सुटलेले असू शकतात. आणि कार्बनला अ‍ॅल्युमिनियमची रिंग थेट चिकटून असेल तर ती रिंग स्टेनलेसच्या संगतीपेक्षाही लवकर खाल्ली जाते.

राहिलं प्लास्टिक, ज्याला लोक उगाच नाक मुरडतात. एबीएसची बॉडी गंजत नाही, स्वस्त असते, फक्त उन्हात पडून राहिली की पिवळी पडते आणि ठिसूळ होते, म्हणून डेकवर ओला टॉवेल टाकून ठेवायची, आणि डाग काढायला अ‍ॅसिटोन अजिबात लावायचं नाही, एबीएस त्यात विरघळतं. डेलरिन हे दुसरं प्लास्टिक त्याहून सरस, पाणी जवळजवळ शोषत नाही त्यामुळे माप बदलत नाही. नायलॉन पाणी पिऊन फुगतं, म्हणून बॅटरीच्या कप्प्याचं झाकण नायलॉनचं असेल तर मी दोनदा विचार करेन.

कारण सगळा खेळ झाकणाचा आहे. 20 सेंटीमीटर व्यासाचं झाकण घ्या, 30 मीटरवर आत-बाहेरच्या दाबाचा फरक 3 बार, म्हणजे त्या झाकणावर साडेनऊशे किलोच्या आसपास जोर. गंमत म्हणजे एवढा जोर ओ-रिंगला, म्हणजे झाकणाच्या खाचेतल्या रबरी कडीला, दाबून बसवतो, आणि गळती बऱ्याचदा वरच्या दोन-तीन मीटरमध्येच होते जिथे दाब कमी असतो आणि खाचेत वाळूचा एक कण किंवा केस अडकलेला असतो. त्यामुळे दुकानात झाकण उघडून खाचेवरून बोट फिरवा, अ‍ॅल्युमिनियमला खरखर लागली तर गंज सुरू झालाय, प्लास्टिकला मोल्डिंगची शिवण लागली तर तिथून पाणी येणार, दोन्ही ठिकाणी मी तरी घेणार नाही.

माझं मत विचाराल तर आपल्या किनाऱ्यासाठी एबीएसची बॉडी, डेलरिनचं झाकण आणि मोटरभोवती अ‍ॅल्युमिनियम, असं मिक्स मिळालं तर डोळे झाकून घ्या. आणि घेतल्यावर ट्रिम, म्हणजे न तरंगणारं न बुडणारं वजन, स्विमिंग पूलमध्ये सेट करू नका, गोड्या पाण्यात 20 किलोची स्कूटर समुद्रापेक्षा साधारण अर्धा किलो जड पडते, पुलात बरोबर वाटलेली मालवणला वर पळेल.