'टो पॅकेज'च्या नावाखाली 1,495 डॉलरचा चुना

अमेरिकेत नवी गाडी घेऊन कॅम्पर (गाडीमागे जोडायचं चाकांवरचं घर) ओढायचा विचार असलेल्या मंडळींनी हे वाचाच. आमच्या इथल्या टेक्सासमधल्या डीलरने नव्या एसयूव्हीवर 1,495 डॉलर 'टो पॅकेज'चे, म्हणजे मागे ट्रेलर ओढायच्या सामानाचे, लावले. फॅक्टरीचंच ना, असं मी स्पष्ट विचारलं होतं. "तेच ते, सर!"

काचेवर दोन कागद होते. एक मोनरोनी स्टिकर, 1958 च्या कायद्याने प्रत्येक नव्या गाडीवर लागतोच तो. फॅक्टरीत बसवलेले सगळे ऑप्शन त्यात किमतीसकट असतात. त्याला खेटून तसल्याच टायपातला, तसल्याच चौकटीचा डीलरचा कागद. टो पॅकेज होतं ते या दुसऱ्यावर! मी वाचले नाहीत असं नाही, दोन्ही वाचले. पण एकाच काचेवर, एकाच रंगात चिकटवलेले कागद दोन वेगळ्या लोकांचे आहेत हे कुणाला सुचणार? त्यात शोरूम बंद व्हायची वेळ, फायनान्सवाला एकामागून एक सह्या घेतोय.

कॅम्पर भाड्याने घ्यायला गेलो तेव्हा बिंग फुटलं. तिथला माणूस बंपरखाली वाकला आणि म्हणाला, "सात पिनांचं सॉकेट कुठंय?" आमचं चार पिनांचं, तेही टेललाइटच्या वायरला काळी टेप गुंडाळून जोडलेलं. चार पिनांवर फक्त दिवे लागतात, ट्रेलरच्या इलेक्ट्रिक ब्रेकला सात पिनांचं लागतं. गिअरबॉक्सचं तेल थंड ठेवणाऱ्या ट्रान्समिशन ऑइल कूलरचा तर पत्ताच नाही. हिचवरच्या (ट्रेलर अडकवायचा मागचा लोखंडी जोड) लेबलावर ओढायचं वजन 5,000 पौंड लिहिलंय, मॅन्युअल म्हणतं कूलरशिवाय 3,500. यातला लहान आकडाच खरा धरायचा. जाड हिच लावून गाडीची ताकद वाढत नाही. हाच हिच ऑनलाइन 239 डॉलरला आहे. नुसता सायकल रॅक लावायचा असेल तर खुशाल बाहेरचा घ्या, पण 239 लाच घ्या.

तक्रार केली. सगळे कागद जोडले. राज्याच्या ग्राहक कार्यालयाचं उत्तर: करारात 'फॅक्टरी' शब्द नाही, आपसात मिटवा. दुसरं खातं म्हणालं पहिल्याकडे जा, पहिलं म्हणालं फाइल बंद झाली. आमच्या टॅक्सवर बसलेत ना हे? एक वाक्य डीलरला लिहिताना हात दुखतो? शोरूममध्ये घेतलेल्या गाडीचा सौदा तीन दिवसांत मोडता येत नाही, एवढं मात्र तत्परतेने ऐकवलं.

सहीआधी व्हिन नंबरवरून (गाडीचा स्वतःचा ओळख क्रमांक) बिल्ड शीट, म्हणजे फॅक्टरीत काय काय बसवलं त्याची यादी, मागा. डीलर "तेच ते" म्हणाला तर करारावर 'फॅक्टरी' लिहून घ्या, नाही लिहिलं तर उठा. आणि 'वॉरंटी जाईल' या धमकीला भिऊ नका: 1975 च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने नुसत्या बाहेरच्या पार्टमुळे वॉरंटी रद्द करता येत नाही.

डीलरने आता 150 डॉलरचं सर्व्हिस कूपन देऊ केलंय. त्याच्याच शोरूममध्ये वापरायचं.