अ‍ॅव्हलॉन प्रोजेक्ट: वसाहतींच्या देवाणघेवाणीचे तह मुळातून वाचण्यासाठी

येल विद्यापीठाच्या विधी ग्रंथालयाचा ‘अ‍ॅव्हलॉन प्रोजेक्ट’ हा ऐतिहासिक दस्तऐवजांचा मोफत ऑनलाइन संग्रह आहे. युरोपीय सत्तांनी परमुलखातले प्रदेश एकमेकांना कसे दिले-घेतले, हे अभ्यासायचं असेल तर सुरुवात इथूनच करावी. पाठ्यपुस्तक ‘पॅरिसच्या तहात फ्रान्सने कॅनडा गमावला’ एवढंच सांगून पुढे जातं. इथे कलमन् कलम वाचता येतं.

मांडणी शतकवार आहे. अठराव्या शतकाच्या यादीत पॅरिसचे दोन तह आहेत, १७६३ आणि १७८३ चे. साल नीट पाहूनच उघडा, घोटाळा हमखास होतो.

सप्तवर्षीय युद्ध संपवणाऱ्या १७६३ च्या तहात चौथ्या कलमाने कॅनडा ब्रिटनकडे गेला, आठव्याने ग्वाडलूप आणि मार्टिनिक ही साखरेची बेटं फ्रान्सला परत मिळाली. एकोणिसावं आणि विसावं कलम मात्र जोडीनेच वाचावं: ब्रिटनने हवाना सोडलं, म्हणून स्पेनने फ्लोरिडा दिला. विसाव्या कलमाची सुरुवातच मागच्या कलमाचा हवाला देऊन होते. तेविसावं कलम घाईत नजरेतून सुटतं. तहात नाव न आलेला जिंकलेला प्रदेश विनामोबदला परत करायचा, असं ते सांगतं. मनिला ब्रिटिशांनी ऑक्टोबर १७६२ मध्येच घेतलं होतं, पण ती बातमी युरोपात वेळेत पोचली नाही. तहात मनिलाचं नावही नाही, तरी याच कलमामुळे ते स्पेनकडे परत गेलं. ताबा किती महिन्यांत सोडायचा हे चोविसाव्या कलमात आहे. हिंदुस्थानातल्या ठाण्यांसाठी सहा महिने.

मराठी वाचकाने अकरावं कलम सावकाश वाचावं. फ्रेंचांना १७४९ च्या आरंभी त्यांच्याकडे असलेल्या वखारी परत मिळाल्या, पण बंगालच्या सुभ्यात तटबंदी आणि फौज ठेवायला बंदी झाली. त्याच कलमात दोन्ही सत्तांनी दख्खनचा सुभेदार म्हणून सलाबतजंगला मान्यता दिली. उदगीरला मराठ्यांकडून हरलेला हाच तो निजाम. प्रत्यक्षात १७६२ मध्येच त्याच्या भावाने, निजाम अलीने, त्याला पदच्युत करून कैदेत टाकलं होतं. पॅरिसमध्ये सही करणाऱ्यांना दख्खनची खबर किती शिळी मिळत होती, हे दाखवणारा इतका बोलका पुरावा दुसरा सापडणं कठीण.

हा मजकूर शोधताना मात्र अडचण येते. स्पेलिंग जुनी आहेत: ‘डेक्कन’मध्ये एकच ‘सी’, आणि ‘जंग’च्या जागी ‘जिंग’. आजच्या स्पेलिंगने शोध घेतला तर काहीच हाती लागत नाही, म्हणून थेट कलमाच्या क्रमांकावर जावं. शेवटची स्वतंत्र कलमंही सोडू नयेत. तहाच्या सगळ्या प्रती फ्रेंचमध्ये असल्या तरी तो पुढे पायंडा मानू नये, असं त्यात लिहिलं आहे. म्हणजे आपण वाचतो ते इंग्रजी भाषांतर आहे. एखाद्या शब्दावर युक्तिवाद उभा करायचा असेल तर फ्रेंच प्रत मिळवायलाच हवी.

फ्रान्सने अमेरिकेला विकलेल्या लुइझियानासाठी एकच पान उघडून भागत नाही. ३० एप्रिल १८०३ च्या मुख्य तहात किंमत शोधू नका. ६ कोटी फ्रँकचा आकडा सोबतच्या वेगळ्या करारात आहे. डॉलरचा दरही तिथेच, ५.३३३३ फ्रँक, भागाकार केला की १ कोटी साडेबारा लाख डॉलर येतात.

मोठी उणीव नकाशांची. तहाच्या शब्दांवरून हद्द काढता येईलच असं नाही. लुइझियानाचा विस्तार तहात १८०० च्या सान इल्देफोन्सो तहातले (स्पेनने लुइझियाना फ्रान्सला परत दिला तो तह) शब्द उचलून सांगितला आहे: स्पेनकडे आज आहे तेवढा आणि पूर्वी फ्रान्सकडे होता तेवढा. हे दोन्ही विस्तार एक नव्हते, म्हणून पश्चिम फ्लोरिडावरून पुढे अनेक वर्षं वाद चालला. सान इल्देफोन्सोचा तहही याच संग्रहात आहे. दोन्ही पानं शेजारी उघडून, त्या काळचा नकाशा दुसरीकडून मिळवून वाचा.