भोसरी-चाकण मिल्क-रन टेम्पो, सहा महिने वापरून
भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं सीएनसी जॉबवर्कचं शॉप, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर दुसऱ्या कंपन्यांचे पार्ट बनवून देतो, माल जातो चाकणला. आधी प्रत्येक ऑर्डरला वेगळा छोटा हत्ती करायचो, अर्धा रिकामा जायचा आणि भाडं मात्र पूर्ण. आता ही सर्व्हिस लावलीये, एकच टेम्पो चार-पाच शॉपवरून माल गोळा करत जातो आणि येताना रिकामे बिन, म्हणजे पार्ट भरायचे क्रेट, परत आणतो. हे बिनचं काम सगळ्यात भारी, नाहीतर पार्ट तयार पण भरायला क्रेटच नाही असं कितीदा झालंय!

पिकअप सकाळी 10 ला फिक्स, म्हणून आम्हाला प्लॅनिंग उलटीकडून करावं लागलं, म्हणजे हीट ट्रीटमेंटचा (तापवून कडक केलेला) माल आदल्या दिवशी दुपारपर्यंत आला तरच ग्राइंडिंग आणि इन्स्पेक्शन रात्रपाळीत बसतं, नाहीतर गाडी गेली. ड्रायव्हर थांबत नाही, इनव्हॉइस, ई-वे बिल (माल वाहतुकीचं जीएसटीचं ऑनलाइन बिल) आधीच काढून ठेवा. सुरुवातीला राग यायचा, पण खरं सांगायचं तर त्यामुळेच आमची पोरं सुधारली.

वैताग एकच, मोशीच्या ट्रॅफिकमधे गाडी अडकली की ॲपवर काही कळत नाही आणि ऑफिसचा फोन कोणी उचलत नाही, तिकडे कस्टमरची प्रॉडक्शन लाइन थांबायची वेळ आलेली असते. एक स्टार त्याचाच कापला.