३१ नग, ५.२ घनमीटर, बडोदे ते मेलबर्न

दांडिया बाजारातल्या आमच्या घरातून मुलाचा संसार जहाजाने मेलबर्नला गेला. घर सोडल्यापासून त्याच्या दारात पोचेपर्यंत अकरा आठवडे लागले. एजन्सीने सात ते आठ सांगितले होते. तरी पुन्हा वेळ आली तर मी याच एजन्सीकडे जाईन, फक्त एक गोष्ट आधी कागदावर घेईन. ती ओघात येईलच.

मुलगा नोकरीवर रुजू व्हायला फेब्रुवारीतच गेला. सूनबाई मुलांच्या परीक्षा आटोपून एप्रिलमध्ये. त्यामुळे सामानाचे सगळे माझ्याकडे आले. मी तीन ठिकाणी चौकशी केली. एकाने फोनवरच सांगितले, "काकी, तीन सीबीएम थशे," म्हणजे तीन घनमीटर होईल, आणि दरही देऊन टाकला. सामान बघायला कोणी आले नाही. दुसऱ्याने विमानाने पाठवा म्हणून गळ घातली. विमानात खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ६००० ने भागतात. जो आकडा येतो तितके किलो धरतात, खरे वजन कमी असले तरी. ६० बाय ४५ बाय ४५ च्या खोक्यात आमच्या दोन दुलया बसल्या, वजन पाच किलोसुद्धा नाही, पण पैसे वीस किलोचे. जहाजाला मुख्यतः जागेचे पैसे पडतात. सुनेची सहा खोकी पुस्तके होती, ती जहाजानेच परवडली.

तिसरी एजन्सी अलकापुरीतली. त्यांचा माणूस टेप घेऊन घरी आला, दीड तास बसला, माळ्यावर चढून पाहिले. साडेचार ते पाच घनमीटर होईल म्हणाला. बांधून झाल्यावर ५.२ भरले. इतका जवळचा अंदाज बघूनच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. फोनवर तीन सांगणाऱ्याकडे गेलो असतो, तर वरच्या दोन घनमीटरचे पैसे आयत्या वेळी, सामान त्याच्या ताब्यात गेल्यावर द्यावे लागले असते.

पॅकिंगच्या दिवशी चार माणसे आली. मुकादम पन्नाशीचा, सावली गावचा, शांत. मी आदल्या दिवशी खंडेराव मार्केटमधून सफरचंदाची रिकामी खोकी आणून ठेवली होती. त्याने ती हातसुद्धा न लावता बाजूला केली. ऑस्ट्रेलियात फळांची, अंड्यांची वापरलेली खोकी, पेंढा, गवत काही चालत नाही. सगळे नवीन पाच थरी खोक्यांतच भरायचे. मग त्याने सामानातून केरसुणी काढून ठेवली. देवघरातले मोरपीस काढले, त्याची तर आपल्याकडूनच निर्यात बंद आहे. गोड्या मसाल्याचा डबा काढला, तेव्हा मात्र मी रागावले. मसाला घरचा, भाजून कुटलेला, त्यात काय किडे असणार? तो म्हणाला, "काकी, एक डब्बो खोलशे, पछी बद्धुं खोलशे." एक डबा उघडतील, मग सगळेच उघडतील. नातवाच्या सायकलचे टायर आणि पावागढ चढलेले बूट त्याने ब्रशने घासून घेतले, तळव्यातली माती दाभणाने काढली.

सर्वात जास्त वेळ लाकडात गेला. संखेड्याचा झोपाळा, मुलाच्या लग्नातला, सागवानी, लाखेच्या रंगाचा. आत कीड आहे का म्हणून त्याच्या चारही खांबांना तो टकटक वाजवून बघत होता, खाली काळा कागद धरून. भुसा पडला नाही. जुन्या पाटांपैकी दोनांतून मात्र पिठासारखी भुकटी पडली, बारीक भोकेही दिसली. ते पाट त्याने घेतले नाहीत. झोपाळ्यासाठी लाकडी पेटी केली, तिच्या फळ्यांवर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह आणि आयएन (भारत), एचटी (हीट ट्रीटमेंट) असा शिक्का होता. ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटे तापवलेले असते. शिक्का नसलेली पेटी तिथे अडकते. तुमच्या एजंटला हा शिक्का दाखवायला सांगा आणि त्याचा फोटो ठेवा.

दोन वस्तू मी स्वतःच मागे ठेवल्या. सासऱ्यांच्या आजीचे घंगाळ आणि आजेसासऱ्यांच्या हातची पोथी. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरची पुरातन वस्तू देशाबाहेर नेता येत नाही, हस्तलिखिताला पंचाहत्तर वर्षे. आमचे घंगाळ त्यात बसते की नाही हे पुरातत्त्व खात्याला दाखवून, तसा दाखला घेऊन ठरवता आले असते. पण ते या घरातून हलू नये असे मलाच वाटले.

आता यादी. मी एकोणतीस वर्षे हंसा मेहता लायब्ररीत कॅटलॉगिंग केले, म्हणून मला यादीचे फार आहे, आणि या एजन्सीची खरी परीक्षा तिथेच झाली. त्यांचा मुलगा लॅपटॉपवर लिहीत होता. मी पाहिले तर 'किचन आयटम', 'मिसलेनियस', आणि पुरणयंत्रापुढे 'मशीन पार्ट्स'. मी काम थांबवले. तो म्हणाला, "पण बेन, आ छे शुं?" मी फिरवून दाखवले, डाळ कुठून घालतात, पुरण कुठून येते. कस्टमचा अधिकारी यादी वाचून ठरवतो कोणते खोके फोडायचे, आणि मशीनचे सुटे भाग म्हटल्यावर तो थांबणारच. मुकादमाने माझी बाजू घेतली. सगळी यादी नव्याने लिहिली: सोऱ्या, पितळी, वापरलेला. पोळपाट, लाकडी, साल नसलेला. सहाण, दगडी. आठ पाने झाली. संध्याकाळचे साडेसात वाजले तरी कोणी कुरकुरले नाही. यासाठी त्यांना माझे पूर्ण गुण.

वापरलेला हा शब्दही महत्त्वाचा. ऑस्ट्रेलियात येण्याआधी पूर्ण बारा महिने स्वतःच्या मालकीचे आणि वापरातले सामान असेल तर त्यावर कर लागत नाही. निघताना घेतलेला नवा मिक्सर त्यात येत नाही. बी ५३४ नावाचा फॉर्म मुलाने तिकडून भरला, पासपोर्टच्या प्रतीसह.

आता तक्रारी. सात-आठ आठवडे म्हणजे जहाज सुटल्यापासून, हे मी विचारल्यावर त्यांनी सांगितले. वीस फुटी कंटेनर साधारण ३३ घनमीटरचा. आपले पाच घनमीटर असले तर बाकीचे भरेपर्यंत न्हावा-शेवा बंदराच्या गोदामात थांबायचे. आमचे सामान सोळा दिवस पडून होते आणि त्या सोळा दिवसांत एकही फोन आला नाही. मीच रोज करत होते.

दुसरी मोठी. दरपत्रकावर 'डोअर टू डोअर' होते. मेलबर्नला उतरल्यावर तिथल्या एजंटने तपासणी आणि गोदाम भाड्याचे ४८० डॉलर मागितले, दिल्याशिवाय सामान नाही. दरपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात 'सरकारी तपासणी वेगळी' होते खरे. पण तपासणीची तारीख मिळेपर्यंतचे भाडेही आपलेच, हे कुठेच नव्हते. पोचल्यानंतरचा कोणकोणता खर्च आपल्यावर येतो, हे एकेक करून लिहून घ्या. मी पुढच्या वेळी सही करण्याआधी तेच करीन.

तपासणीत एक खोके फोडले, ते मी स्वतः भरलेले पूजेचे. करंड्यात चार अक्षता आणि एक सुपारी राहिली होती, ती त्यांनी काढून टाकली. त्याच खोक्यातली चिनी मातीची बरणी फुटली. विम्याचे पैसे मिळाले नाहीत, कारण आपण भरलेल्या खोक्यातल्या एखाद्या वस्तूची फूटतूट विम्यात येत नाही, अख्खे खोके हरवले तरच. हे अटींच्या चौथ्या पानावर होते, तोंडी कोणी बोलले नव्हते. त्यांच्या माणसांनी भरलेल्या तीस नगांत मात्र एक कपही फुटला नाही. झोपाळ्याच्या लाखेवर ओरखडासुद्धा नाही.

परवा रात्री साडेआठला मुलाचा फोन. तिकडे रात्रीचा एक वाजला होता. सकाळी चकल्या करायच्या होत्या, खोकी अजून गॅरेजमध्ये रचलेली. "आई, सोऱ्या कशात आहे?"

मी यादी काढली. सहावे पान, खोके क्रमांक १४, पुरणयंत्राच्या खाली.