वाड्याचे हिस्से वेगळे करताना : ई-मोजणी आणि मिळकत पत्रिका विभाजनाची सेवा कशी आहे

लातूर, परभणी, नांदेड, बीडच्या जुन्या वस्तीत एकाच नगर भूमापन क्रमांकावर तीन-तीन भावांचे संसार असतात. भूमी अभिलेख विभागाकडे रीतसर अर्ज केला तर अशा मिळकतीचे हिस्से मोजून प्रत्येकाच्या नावे स्वतंत्र मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, मिळते. यातला मोजणीचा भाग आता खरोखर चांगला झाला आहे. ‘ई-मोजणी’ प्रणालीवर अर्ज ऑनलाइन, फी ऑनलाइन आणि जागेवर रोव्हरने, म्हणजे उपग्रहाच्या संकेतांवर चालणाऱ्या यंत्राने, मोजणी. फेरफाराचा, म्हणजे सरकारी नोंदीत नावं बदलण्याचा भाग मात्र कटकटीचा. तिथे प्रकरणं अडतात ती बहुतेक वेळा वाटणीपत्रातल्या ढिल्या मजकुरामुळे.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी खाजगी सर्व्हेअरकडून मोजमापं घ्या, मग वाटणीपत्र नोंदवा आणि त्यानंतर सरकारी मोजणीचा अर्ज करा. लोक नेमके उलटे जातात. ‘पूर्वेकडील अर्धा वाडा’ असं लिहून दस्त नोंदवतात आणि भूकरमापक (सरकारी मोजणी कर्मचारी) आल्यावर ओसरीत भांडणं सुरू होतात. भूकरमापक वाटणी ठरवत नाही. दस्तात लिहिलेली वाटणी तो फक्त जमिनीवर उतरवतो.

दस्तातलं क्षेत्र चौरस मीटरमध्ये हवं आणि सगळ्या हिश्श्यांची बेरीज पत्रिकेवरच्या क्षेत्राशी जुळायला हवी. समजा, पत्रिकेवर २१६ चौ.मी. आहे. तिघांनी प्रत्येकी ७७५ चौरस फूट लिहिलं तर बेरीज बरोबर येते, कारण ७७५ चौरस फूट म्हणजे ७२ चौ.मी. पण ढेलज (दारातली देवडी), चौक आणि आडाकडे जाणारा बोळ तिघांच्या वापरात राहणार असेल तर हा हिशेब चुकला. सामाईक जागा ३० चौ.मी. भरली, तर प्रत्येकाच्या वाट्याला ६२ येतात. त्या ३० चौ.मी.ला वेगळा पोटक्रमांक देऊन तिघांची नावं लावावी लागतात. हे राहिलं तर ज्याच्या हिश्श्यात ढेलज गेली तो उद्या दाराला कुलूप लावू शकतो.

भिंतींकडेही नीट बघा. माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घराच्या मातीच्या भिंती दोन फूट जाड असतात. अशी बारा मीटर लांबीची मधली भिंत म्हणजे ७.३ चौ.मी. जागा, एखाद्या लहान खोलीएवढी. हद्द भिंतीच्या मध्यातून की कडेने, भिंत दुरुस्त कुणी करायची, माळवदावरचं पाणी कुणाच्या अंगणात पडणार, सांडपाण्याची नाली कुठून जाणार, हे सगळं दस्तात आणि सोबतच्या नकाशात लिहा. नकाशावर चारही बाजूंच्या लांब्या टाका आणि सगळ्यांच्या सह्या घ्या.

खर्च. वाटणीपत्रावरचं मुद्रांक शुल्क सगळ्यात मोठा हिस्सा वगळून बाकीच्या हिश्श्यांच्या बाजारमूल्यावर लागतं. नोंदणी फी १ टक्का, कमाल ३०,००० रुपये. सह्या झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला गेला पाहिजे. १ डिसेंबर २०२४ पासूनच्या दरांप्रमाणे शहर हद्दीत नियमित मोजणी ३,००० आणि द्रुतगती १२,००० रुपयांची आहे. मोजणी फक्त पत्रिका वेगळी करण्यासाठी हवी असेल आणि खरेदीदार दारात उभा नसेल, तर नियमितच भरा. चौपट पैसे मोजून फेरफार लवकर होत नाही.

मोजणीनंतर नकाशाची ‘क’ प्रत, म्हणजे अर्जदाराला दिली जाणारी प्रत, मिळते. मग परिरक्षण भूमापकाकडे, म्हणजे पत्रिकेच्या नोंदी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, फेरफाराचा अर्ज. सगळ्या संबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी १५ दिवस असतात. एका बहिणीचं नाव सुटलं असेल तर हरकत इथेच येते, आणि ती रास्त असते. वारस नोंद आधी पूर्ण करा. बहीण स्वखुशीने हक्क सोडत असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा, साध्या कागदावरची सही चालत नाही.

शहरात नगररचना विभागाची उपविभागणीची मंजुरीही मागतात. तिथे स्वतंत्र वाट आणि किमान क्षेत्र बघतात. अडीच फुटी बोळातून आत जाणाऱ्या हिश्श्याला मंजुरी मिळणं अवघड. अशा ठिकाणी पत्रिका एकच ठेवून त्यावर हिस्से नमूद करून घेणं जास्त सोयीचं.

खाली एक भाऊ, वर दुसरा, अशा घराला ही सेवा उपयोगाची नाही. पत्रिका जमिनीची असते, मजल्याची नाही. पाच किंवा जास्त सदनिका असतील तर १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली घोषणापत्र करता येतं. दोन मजल्यांच्या घरात अविभक्त हिस्सा आणि मजल्यांचा वापर वाटणीपत्रात स्पष्ट लिहिणं एवढाच मार्ग आहे.

आपल्याकडे मराठवाड्यात अर्जाआधी पत्रिकेचा सत्ताप्रकार (जागा कुठल्या हक्काने धारण केली आहे) आणि ‘इतर भार’ हे रकाने वाचायलाच हवेत. निजामकाळातल्या इनामाच्या, विशेषतः खिदमतमाशच्या (धार्मिक स्थळाच्या सेवेसाठी दिलेल्या) जागा असतील तर परवानगीशिवाय हस्तांतर होत नाही, आणि जुना खासरा (जमिनीच्या नोंदीचा कागद) उर्दूत असल्याने तो वाचून घ्यावा लागतो. बँकेचा बोजा असेल तर आधी तिचं ना-हरकत आणा, नाहीतर तोच बोजा तिन्ही पत्रिकांवर उतरेल. गुंठेवारीतलं, म्हणजे मंजुरीशिवाय पाडलेल्या तुकड्यावरचं, घर असेल तर पहिल्यांदा नियमितीकरण. ती सवलत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना आहे.

खेड्यात ग्रामपंचायतीचा नमुना ८ वेगळा झाला की मालकी वेगळी झाली असं समजतात. तो कर आकारणीचा कागद आहे. वेगळी घरपट्टी आणि वेगळं वीज मीटर यांनीही मालकी सिद्ध होत नाही. गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल तर स्वामित्व योजनेची (गावठाणातल्या घरांना मालकीचा कागद देणारी केंद्राची योजना) सनद कुणाच्या नावाने आली ते पाहा. थोरल्या भावाच्या एकट्याच्या नावाने असेल तर आधी तिथे सगळ्यांची नावं लावून घ्या, वाटणीपत्राचा मसुदा त्यानंतर करा.